एकटा डोंगर (श्यामजी पंत)

नुसतं ‘तळेगावला जायचं आहे’ असं सांगून महाराष्ट्रात कोणी तळेगावला पोचत नाही. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आहे, शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे आहे, संगमनेरकडे तळेगाव दिघे आहे. अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी नावाजलेलं तळेगाव (दशासर) आहे, त्याच जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात तळेगाव (ठाकूर) आहे, आणि वर्धा जिल्ह्याचं एका तळेगावावर भागेना म्हणून तिथे तळेगाव (टालाटुले) आणि तळेगाव (श्यामजी पंत) अशी दोन आहेत. पुण्याकडची तळेगावं आडनाव उघड्यावर लावून हिंडतात. विदर्भात ते कंसात घालायची रीत आहे. कंस ही गावाची ओसरी. तिच्यावर कोणी पंत, कोणी ठाकूर, कोणी घाडगे मांडी घालून बसलेले असतात आणि गावात शिरणाऱ्या प्रत्येक पोस्टकार्डाला त्यांना रामराम घालूनच आत जावं लागतं. पंतांच्या तळेगावातून एका बाजूला आष्टी (शहीद), नागपूरच्या वाटेवर कारंजा (घाडगे). बीडच्या आष्टीशी आणि वाशिमच्या कारंजा (लाड) या गावाशी घोटाळा नको म्हणून ही तजवीज. जरा पुढे गेलं की चांदूर (रेल्वे), चांदूर (बाजार), नांदगाव (पेठ), नांदगाव (खंडेश्वर), सिंदी (रेल्वे), सिंदी (मेघे). या मुलखात एकुलतं एक असं काही नसतं. आणि नेमक्या याच मुलखातून एका एकट्या डोंगराच्या शोधाला निघायचं, असा या प्रवासवर्णनाचा बेत आहे.

तो डोंगर इंग्रजीतला आहे. जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने ‘द हॉबिट’ या कादंबरीत २१ सप्टेंबर १९३७ रोजी तो छापील जगात उभा केला. त्याचं पाळण्यातलं नाव एरेबोर, पण सगळे त्याला ‘एकाकी पर्वत’ म्हणतात. त्याच्या पोटात सोन्याचा ढीग, ढिगावर स्मॉग नावाचा ड्रॅगन, आणि ते सोनं सोडवायला निघालेले तेरा बुटके. सोबत करारावर घेतलेला एक हॉबिट, पद चोराचं, मोबदला नफ्याचा चौदावा हिस्सा. त्यानंतर कल्पित जगांचे नकाशे काढणाऱ्यांत असा एकटा डोंगर घालायची चालच पडली. सपाट कागद, मध्ये एक त्रिकोण, आजूबाजूला शुकशुकाट. म्हणणं एवढंच आहे की असा डोंगर कुठेच नाही. सह्याद्रीत नाही, जपानात नाही, पुराणात नाही, आणि ज्या पुस्तकात त्याचं नावच एकाकी आहे त्या पुस्तकातही नाही. जो एकटा दिसतो त्याचे शेजारी कोणीतरी हलवलेले असतात. हे दाखवायचं तर बरंच हिंडावं लागेल. पण एसटी आहे.

निघायला तळेगावचा चौक उत्तम. पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग नागपूरहून येऊन अमरावतीला जातो, त्याला इथे आर्वी-आष्टीचा रस्ता छेदतो. साहसकथेला चार दिशा लागतात, त्या इथे तयार मिळतात. शिवाय तर्रीपोहे मिळतात. टॉल्किनचे बुटके निघण्याआधी हॉबिटच्या घरातलं फडताळ साफ करतात, त्यांना आलुबोंड्याची परात आणि वरून लाल तर्री दाखवली असती तर कादंबरी पहिल्या प्रकरणातच आटोपली असती. वाहनाचा प्रश्नही सोपा. पुस्तकात मंडळी तट्टांवरून निघतात. काही तट्टं वाटेत हिसकावली जातात आणि शेवटची काही ड्रॅगनाच्या पोटात जातात. त्यापेक्षा आर्वी-आष्टी-कारंज्याच्या पट्ट्यातली गवळाऊ जोडी बरी. पांढरी, काटक, चढणीला चपळ, आणि ड्रॅगन दिसला तर गाडीवानाच्या हुकुमाची वाट न बघणारी. पण खरा विचार एसटीचाच करायला हवा, कारण तिथे एक मजेदार हिशेब दडलेला आहे. बुटके उंचीने कमी, म्हणून कोणाला वाटेल अर्धं तिकीट लागेल; पण एसटीचं अर्धं तिकीट वयावर असतं, उंचीवर नव्हे. आणि वय पाहू गेलं तर बुटक्यांचा म्होरक्या थॉरिन त्या वेळी १९५ वर्षांचा, मेव्हण्यासारखा हसतमुख बालिन १७८ चा, आणि ज्यांना सगळे ‘पोरं’ म्हणतात ते फिली आणि किली ८२ आणि ७७. राज्यात २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. म्हणजे तेराच्या तेरा बुटके, सोन्याच्या डोंगराचे वारस, फुकटात. पूर्ण तिकीट पडतं ते पन्नाशीतल्या हॉबिटला, ज्याला नफ्यात सगळ्यांइतकाच वाटा आणि जोखमीत सगळ्यांच्या आधी पाऊल. मध्यमवर्गाचं असं नेमकं चित्र इंग्रजी साहित्यात क्वचित आलं असेल.

गाडी नागपूरच्या दिशेला लागली की सत्याग्रही घाट येतो. घाटाच्या नावातही माणसं आहेत आणि ती एकटीदुकटी असण्याचा संभव नाही. सत्याग्रह एकट्याने करता येतो, पण त्याचं नाव घाटाला पडायला घोळका लागतो. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडात राखीव जंगलातलं गवत कापून लोकांनी सरकारचा कायदा मोडला होता. ज्या मुलखात गवतसुद्धा सामुदायिकपणे कापलं जातं तिथे डोंगराने एकटं राहायचं कसं? पण ही थट्टा झाली. पुरावा खिडकीबाहेर आहे. इथल्या टेकड्यांचे माथे पाहावेत. टोकदार एक नाही. सगळे वरून सपाट, जणू एकाच पाटीवर घासून घेतलेले, आणि बाजूंना आडव्या पायऱ्या. हा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला; आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो अंथरलेला आहे. भूशास्त्रात याला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला. म्हणजे इथे ज्वालामुखीने डोंगर उभारला नाही, सारवण घातलं. मग टेकड्या आल्या कुठून? तर त्या आल्या नाहीत, राहिल्या. सगळं एकसलग पठार होतं. पावसाने आणि नद्यानाल्यांनी मधलं मधलं कोरून नेलं आणि जे नेता आलं नाही ते टेकडी म्हणून उरलं. पंगत उठल्यावर पानात उरलेल्या मिठासारखं. इथली एकटी टेकडी दिसली तर ती एकटी जन्मली असं समजू नये. तिची भावंडं वाहून गेलेली आहेत, आणि आज ती खाली कपाशीच्या वावरात काळी माती होऊन पडलेली आहेत. माथ्याच्या मापाने ती अजून कुटुंबातलीच आहे. शेजारच्या टेकडीशी तिची उंची जुळते, जशी भावाभावांची नाकं जुळतात.

उरलेले डोंगरही महाराष्ट्रात शक्यतो जोडीने राहतात. पुरंदरला वज्रगड आहे, लोहगडाला विसापूर, साल्हेरला सालोटा. राजमाचीला तर एकाच अंगणात श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले. अलंग, मदन आणि कुलंग हे तिघे. मुल्हेर, मोरा आणि हरगड हेही तिघे. वऱ्हाडातला नरनाळा घ्यावा तर जाफराबाद आणि तेलियागड त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले. तैलबैलाला एकच कातळ पुरला असता, पण निसर्गाने मधून चिरून त्याच्या दोन भिंती केल्या, बहुधा नाव उच्चारायला सोपं जावं म्हणून. नावांचीच गंमत अधिक आहे. अंकाई-टंकाई, चंदन-वंदन, रवळ्या-जवळ्या, मांगी-तुंगी. ही डोंगरांची नावं नाहीत, पाळण्यातल्या जुळ्यांची नावं आहेत. पहिल्या डोंगराचं बारसं विचार करून झालं आणि दुसऱ्याचं यमक जुळवून. याचं कारण भूगोलात शोधू नये, मराठीत शोधावं. मराठीला नाम एकटं सोडवत नाही. चहा म्हटलं की बिहा येतो, झाड म्हटलं की झुडूप, दगडाला धोंडा, नदीला नाला, काट्याला कुटा, गडाला कोट. डोंगराला तर दोन-दोन सोयी आहेत: आदराने बोलायचं असेल तर डोंगरदऱ्या, कंटाळून बोलायचं असेल तर डोंगरबिंगर. ज्या भाषेत डोंगरामागोमाग बिंगर आपोआप चालत येतो त्या भाषेत एकाकी पर्वताची कादंबरी लिहिली तर तिचं दुसरं प्रकरण बिंगराचंच होईल. आमच्या गोष्टींतला राक्षसही आपला जीव एखाद्या डोंगरापलीकडे ठेवून स्वस्थ बसत नाही. सात समुद्र, सात डोंगर, मग झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. राक्षसाला सुरक्षिततेची कल्पना करायची तीसुद्धा घाऊक.

इथे जाणकार वाचक देवगिरीचं नाव काढेल, आणि काढावंच. मैदानातून ताठ उठलेला तो कातळ, खालच्या अंगाला तासून सरळ केलेले कडे, भोवती खंदक, आत जायला अंधारा बोगदा. ड्रॅगनाने जाहिरात वाचून भाड्याने घ्यावी अशी जागा. हा तरी एकटा म्हणायचा की नाही? दिसायला एकटाच. पण त्याच्या इतिहासाकडे पाहिलं तर त्याला एकटं राहू देण्याची कोणाचीच तयारी नव्हती. यादव झाले, खिलजीची स्वारी झाली, आणि १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानीच इकडे हलवली आणि दिल्लीतली माणसं उचलून इकडे पाठवली. एका डोंगराला करमावं म्हणून एक राजधानी हलवण्याचा हा प्रकार जगाच्या इतिहासात जवळपास अपूर्व असावा. काही वर्षांत राजधानी परत गेली हे खरं. पण तोवर डोंगराला दौलताबाद असं नवं नाव मिळालं होतं, आणि जुनं काही सुटलं नाही, म्हणजे नावांच्या बाबतीतही जोडी झालीच. लिंगाण्याचा सुळका एकटा वाटतो तो छायाचित्रात, कारण छायाचित्र काढणारा रायगडाकडे पाठ करून उभा असतो. कळसूबाई १,६४६ मीटरवर राज्यात सगळ्यांत उंच, पण वर देऊळ आहे, वाटेत शिड्या आहेत, नवरात्रात यात्रा आहे आणि सुट्टीच्या दिवशी माथ्यावर पाय ठेवायला रांग आहे. उंचीवर एकांत मिळतो ही समजूत ज्यांनी रविवारी डोंगर चढला नाही त्यांची.

देवगिरी लांबची; वर्धा जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. (समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तालुक्याच्या नावाने एवढी मोठी थाप मारल्यावर कंस लावायची गरज उरत नसावी.) टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे, परंपरेप्रमाणे ते तीस वर्षं फकिरीत भटकून इसवी सन १२४४ च्या सुमाराला इथे आले. म्हणजे आले ते एकांतासाठीच. पण टेकडीने तो दिला नाही. गोष्ट अशी सांगतात की मालाच्या गोण्या घेऊन चाललेल्या दोन बंजारी व्यापाऱ्यांनी फकिराची चेष्टा केली, आणि बघता बघता त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. व्यापारी पाया पडले. फकिराने मग सुकलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते व्यापारी पुढे जायचं सोडून जन्मभर तिथेच सेवेला राहिले. एकांत शोधणाऱ्याच्या पदरी दोन माणसं कायमची पडली ती अशी. त्या मालाचे दगड अजून तिथे सापडतात. हातात घेतलेला असा एखादा गोटा सुपारीपेक्षा थोडा मोठा, वरून मळकट, खरबरीत, गोलसर. खोबऱ्याच्या वाळक्या गोटीसारखा. फोडला तर आत पांढऱ्या काचेच्या सुया मधल्या बिंदूपासून बाहेर पसरलेल्या, पंख्यासारख्या, आणि उन्हात धरला की प्रत्येक सुई वेगळी चमकते. हे झिओलाइट. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्याबरोबर आलेल्या खनिजांचे स्फटिक आत धरत गेले. भोवतीचा बेसाल्ट झिजला तेव्हा हे गोटे सुटून मोकळे झाले. भूशास्त्राने व्यापाऱ्यांची गोष्ट खोडली म्हणावी तर तसंही नाही. दोन्हींत मालाचा दगड होतो. एकात क्षणात आणि एकात फार सावकाश, एवढाच फरक. प्रस्तुत मुद्द्याला महत्त्वाचं हे की टेकडी सपाटीतून सुटी दिसते, आणि तरी तिच्यावर संत आहे, दोन व्यापारी आहेत, दोन्ही धर्मांचे भाविक आहेत, आणि खिशात दगड भरून नेणारी पोरं आहेत.

आता आक्षेप असा येईल की हे सगळं महाराष्ट्राच्या भिडस्त मातीचं झालं. खरे एकाकी पर्वत परदेशात असतात. जाऊन पाहू. जपानचा फुजी, ३,७७६ मीटर, चित्रकारांचा लाडका, पंख्यावर आणि चहाच्या पेल्यावर एकटाच काढतात तो. पण त्याच्या पोटात त्याच्याहून जुने ज्वालामुखी गाडलेले आहेत, धाकट्याने थोरल्यांच्या अंगावर घर बांधावं तसे. आणि १७०७ च्या उद्रेकात त्याच्या कुशीत होएई नावाचं आणखी एक टेंगूळ उगवलं. चित्रकार ते दुसऱ्या बाजूने टाळतात. आफ्रिकेतला किलिमांजारो, ५,८९५ मीटर: किबो, मावेन्झी आणि शिरा असे तीन ज्वालामुखी मिळून एक डोंगर, थेट अलंग-मदन-कुलंगच्या चालीवर. नोहाची नौका जिथे टेकली म्हणतात तो अरारात ५,१३७ मीटर, आणि शेजारी ३,८९६ मीटरचा धाकटा अरारात. जगबुडीतसुद्धा त्याला एकटं राहता आलं नाही. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा वाळवंटातला तांबडा कातळ, त्याच्या नजरेच्या टप्प्यात काटा त्युटा नावाचं गोलाकार माथ्यांचं अख्खं खटलं उभं आहे. पोस्टकार्ड छापणारे चौकट अशी बेतून धरतात की शेजारी कापला जावा. मालाड-बोरिवलीच्या सदनिकांच्या जाहिरातीत हीच युक्ती वापरतात.

मग उरतं कल्पित जग. तिथे तरी लेखकाच्या मनाला कोण अडवणार? आक्षेप वजनदार आहे, कारण कल्पनेत भूशास्त्र लागत नाही आणि एसटीही. म्हणून सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा कल्पित डोंगर तपासायला घ्यावा, मेरू. विष्णुपुराणाच्या हिशेबाने तो ८४,००० योजनं उंच, १६,००० योजनं जमिनीत गाडलेला, बुडाशी १६,००० योजनं रुंद आणि माथ्याशी ३२,०००. म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद. उलटा ठेवलेला गाडगेनुमा डोंगर. कल्पनेला बंधन नसतं ते असं. पण पुराणकार पक्के गृहस्थ होते. एवढा जड माथा एकट्या बुडावर टिकणार नाही हे त्यांना उमगलं, म्हणून त्यांनी लगेच चारी दिशांना मंदर, गंधमादन, विपुल आणि सुपार्श्व असे चार डोंगर टेकू म्हणून लावले. वर ब्रह्मदेवाची नगरी वसवली, तिच्याभोवती आठ दिशांना इंद्रादी लोकपालांची नगरं. विश्वाच्या मधोमध एकटा म्हणून उभा केलेला डोंगर, आणि त्याच्याभोवती ही वस्ती. जपमाळेतल्या मेरुमण्याला मात्र खरा एकांत आहे, कारण तो मोजायचा नसतो. पण तोही एकशे आठांच्या मध्ये बसूनच. बाकी पुराणातले डोंगर तर घोळक्यातलेच. पूर्वी त्यांना पंख होते आणि ते थव्याने उडत, इंद्राने पंख छाटल्यावर ते जिथल्या तिथे बसले. एक मैनाक तेवढा सटकून समुद्रात लपला, एकांतात; आणि तिथेही हनुमान वरून जाताना दिसला तेव्हा हा पाण्यातून डोकं वर काढून ‘जरा टेकून जा’ म्हणाला. घरी कोणी आलेलं नसलं की आपल्याकडचा डोंगरसुद्धा कासावीस होतो.

आता खुद्द एरेबोर. नाव एकाकी, पण पुस्तकातला नकाशा उघडून पाहावा. पायथ्याच्या खोऱ्यात डेल नावाचं शहर. डोंगराच्या दरवाज्यातूनच नदी निघते, ती खाली सरोवराला मिळते, आणि त्या सरोवरात खांबांवर उभं असं व्यापारी गाव. पूर्वेला लोखंडी टेकड्यांत थॉरिनचा चुलतभाऊ डाइन, बोलावल्यावर पाचशे जणांना घेऊन येण्याइतक्या अंतरावर. पश्चिमेला अरण्य, अरण्यात एल्फांचा राजा. एवढा शेजार तर आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही गावाला पुरेल. डोंगराच्या आत बुटक्यांची भरभराटलेली नगरी होती, डेलच्या बाजारात खेळणी विकली जायची. हा डोंगर एकाकी झाला कधी? तर ड्रॅगन आला तेव्हा. त्याने बुटके हाकलले, डेल जाळलं, पायथ्याची झाडं करपवली, दार अडवलं आणि १७१ वर्षं सोन्यावर झोपून राहिला. आपल्याकडे याला ‘धनावरचा भुजंग’ म्हणतात आणि गावोगावच्या पडक्या वाड्यांत तो असल्याची खात्री असते. म्हणजे गिरडच्या टेकडीचे शेजारी पावसाने नेले, फुजीचे चित्रकाराने वगळले, आणि एरेबोरचे भुजंगाने खाल्ले. एकांत डोंगराच्या अंगचा गुण कधीच नव्हता. कोणीतरी केलेली ती बेदखली होती. आणि ड्रॅगन मेल्याची बातमी फुटताच किती दिवस तो एकाकी राहिला? बघता बघता एल्फ आले, माणसं आली, बुटके आले, गॉब्लिन आले, लांडगे आले. पायथ्याशी पाच सैन्यांची लढाई जुंपली. एकाकी पर्वताच्या पायथ्याशी वाहतुकीची एवढी कोंडी!

यावर एक शेवटचा आक्षेप राहतो, आणि तो सगळ्यांत प्रामाणिक आहे. शेजारी असले म्हणून काय झालं, एकटं राहायचं मनावर घेतलं तर राहता येतं की नाही? याची परीक्षा वर्धा जिल्ह्यात झालेली आहे आणि निकाल उपलब्ध आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले ते शक्यतो एकटं राहावं याच मनसुब्याने. आश्रम काढायचा नव्हता. हट्टाच्या बाबतीत जगातल्या पहिल्या पाच माणसांत त्यांचा नंबर लागावा, आणि तरी त्यांचं काही चाललं नाही. एकामागून एक माणसं आली, झोपड्या वाढल्या, स्वयंपाकघर वाढलं, मग टपाल, मग टेलिफोन. आणि टपाल आलं म्हटल्यावर पुढचं संकट ठरलेलंच: बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव आणि हे शेगाव यांच्यात पत्रांची अदलाबदल होऊ लागली. १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करावं लागलं. एकांत तर गेलाच, वर नावही बदलावं लागलं. कंस घातला असता तर भागलं असतं, हे त्या वेळी कोणा विदर्भवाल्याने सुचवलं नसावं.

योगायोग असा की ‘द हॉबिट’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताला काम देणाऱ्या शिक्षणाचा, नई तालीमचा, आराखडा तिथे मांडला गेला. एकीकडे १७१ वर्षं नुसतं पडून राहणारा प्राणी जन्माला येत होता आणि दुसरीकडे सात वर्षांच्या मुलानेही टकळी फिरवावी असं ठरत होतं. दोघांची गाठ पडली असती तर बरं झालं असतं. ड्रॅगन वाईट नव्हता, कोषाध्यक्ष म्हणून तर उत्तम होता: एवढ्या ढिगातून हॉबिटने एक पेला उचलला तर त्याला लगेच कळलं. जिल्ह्यातल्या संस्थांनी असा हिशेबनीस हातोहात नेमला असता. त्याची चूक एकच, धनाचा विश्वस्त व्हायच्या ऐवजी तो मालक झाला. आणि ती दुरुस्त करायला विनोबा जवळच होते. जे जमीनदारांकडून एकरांनी जमीन मागून घेऊ शकले त्यांना ड्रॅगनाकडून सहावा हिस्सा मागायला कितीसा वेळ लागला असता? चोर नेमायची गरज पडली नसती. फक्त ड्रॅगनाने ‘घ्या’ म्हटल्यावर ते सोनं कोणी कुठे न्यायचं यावर जी समिती बसली असती, तिचा अहवाल अजून यायचा असता.

तेव्हा तेरा बुटके आणि एक हॉबिट अजून तळेगावच्या चौकात उभे आहेत असं धरू. तर्री संपलेली आहे. आर्वीची गाडी लागते. तेराही जण आधार कार्ड पुढे करतात, जन्मसाल पाहून कंडक्टर एकदा कार्डाकडे आणि एकदा दाढीकडे बघतो, पण नियम तो नियम. तेरा शून्य रकमेची तिकिटं टरटर निघतात. मग तो हॉबिटकडे वळतो.

“तुमचं फुल्ल. कुठं जाचं जी?”

“एकट्या डोंगराला.”

“एकटा डोंगर,” कंडक्टर मशीनवर बोट ठेवून थांबतो. “कोनता? आर्वीकडचा का आष्टीकडचा?”